सरूबाईंच्या तीन पाट्या आणि एक तोंडी परीक्षा

मित्रांनो, माझं अंग काळं, कपाळावर सोनेरी अक्षरं आणि पोटात एकशे बारा पानं. मी एक जुना प्रकल्प-अहवाल आहे. एमबीए शिकणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्या वर्षी माझ्यासारखी एक वही लिहावी लागते. एखाद्या धंद्यात दोन महिने राहायचं, तो कसा चालतो ते पाहायचं आणि पाहिलेलं लिहून काढायचं. मग बाहेरच्या परीक्षकासमोर बसून तोंडी परीक्षा द्यायची. मी लिहिला गेलो इंग्रजीत, पण जन्मलो शहागंजाच्या बाजारात, म्हणून विचार मराठीत करतो.

माझा लेखक सुदर्शन. गंगापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. उन्हाळ्यात त्याच्या सोबत्यांना वाळूजच्या कंपन्यांत जागा मिळाल्या, त्याला कुठंच मिळाली नाही. ऑक्टोबर उजाडला तरी हात रिकामे. शेवटी तो शहागंजात सीताफळं विकणाऱ्या सरूबाईंजवळ जाऊन बसला. एक दिवस नाही, चार दिवस. त्या चार दिवसांतून मी झालो. माझ्या आभाराच्या पानावर त्यानं लिहिलं, की शहागंजातील सरूबाई यांनी मला चार दिवस आपल्याजवळ बसू दिलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. एवढं लिहून बिचारा तोंडी परीक्षेला गेला. मला कंपनीचं पत्र जोडलेलं नाही म्हणून शंभरपैकी चौपन्न गुण मिळाले. तो पास झाला, निघून गेला आणि मी महाविद्यालयाच्या कपाटात आलो.

कपाटाची किल्ली सांडूमामांकडं. ते विभागाचे शिपाई. एकोणीस वर्षांत त्यांनी पाच संचालक पाहिले, पण कपाट एकच. दरवर्षी ऑक्टोबरात मुलं त्यांच्याभोवती घुटमळू लागतात. मामा, एखादी चांगली वही द्या ना, फक्त बघायला. मामा मला काढून देतात, कारण माझी पानं मोजकी आहेत आणि तक्ते सोपे. त्या हिशेबानं मी फार लाडका. नऊ वर्षांत माझ्या सात नकला झाल्या. मी कपाटात बसून त्यांची नोंद ठेवली आहे.

पहिल्यानं सीताफळ हा शब्द काढून मोबाईल टाकला. दुसरीनं विमा. मग बँकेचं बचत खातं, मग पाण्याचा फिल्टर. संगणकाला सांगितलं की तो एका दमात सगळीकडं शब्द बदलतो, वाचत मात्र नाही. त्यामुळं फिल्टरच्या वहीत चक्क लिहिलेलं आहे, की फिल्टर पिकत आला की त्याचे डोळे उघडतात. त्या वहीला बहात्तर गुण. विम्याला चौऱ्याहत्तर. मी मूळचा, मी चौपन्नवर. मला राग नाही हो. मला नवल एवढंच वाटायचं, की दोन वर्षं शिकून ही मुलं जातात, तेव्हा बरोबर नेमकं काय नेतात?

उत्तर मिळायला यंदाचा नोव्हेंबर यावा लागला.

तनुजा कन्नड तालुक्यातली, वर्गात पुढच्या बाकावर बसणारी. तिनं क्रांती चौकाजवळच्या एका स्कूटरच्या दुकानात खरोखरच दोन महिने काढले होते. पण तिथं तिला झेरॉक्स काढायला आणि गिऱ्हाइकांना पाणी द्यायला ठेवलं होतं. पाहण्यासारखं काही तिला कुणी दाखवलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. मग व्हायचं तेच झालं. सांडूमामांनी मला काढून दिलं आणि माझं आठवं लेकरू जन्माला आलं. सीताफळाची स्कूटर झाली, शहागंजाचा क्रांती चौक झाला.

तिला वाळूजच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती. अट एकच. तिसऱ्या सत्राचा एकही विषय राहता कामा नये आणि तसा कागद एक डिसेंबरच्या आत हजर करायचा. घरात पहिलीच पगाराची नोकरी. आईनं गावात दोन घरी सांगूनही टाकलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मी टेबलाच्या कोपऱ्यात पडून होतो, म्हणून सगळं ऐकलं. बाहेरून आलेल्या परीक्षक करुणा मॅडम. बोलणं हळू, चष्मा नाकाच्या टोकावर. इतर परीक्षक तक्ते पाहतात, या बाई पहिल्या पानापासून वाचत होत्या. त्यांनी शांतपणे एक ओळ वाचून दाखवली, की स्कूटर दाबून पाहिल्यास दोन दिवसांत काळी पडते, सबब ग्राहकाने ती हाताळू नये.

तनुजाचा चेहरा पडला. मॅडमनी पान उलटून आभाराचं पान काढलं; तेही तिनं जसंच्या तसं उतरवलं होतं.

"सरूबाई कोण?"

"मॅडम, त्या… शोरूमच्या एचआर मॅनेजर आहेत."

"त्यांनी तुम्हाला चार दिवस जवळ बसवून का घेतलं?"

"ट्रेनिंग होतं, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गुणांचा कागद बाजूला सरकवला. म्हणाल्या, हा कागद मी चार वाजता बंद करून पाकिटात घालते. आता साडेअकरा झालेत. या सरूबाई खऱ्या असतील तर त्यांच्याकडून एक गोष्ट शिकून या आणि चारच्या आत मला सांगा. नाहीतर मला तुम्हाला नापास करावं लागेल.

तनुजा रडत सांडूमामांकडं आली. मामांनी मला आतल्या टेबलावरून आणून तिच्या हातात ठेवलं. म्हणाले, बाई, ही त्या सगळ्यांची आजी. हिच्यात पत्ता आहे, जा.

असा मी नऊ वर्षांनी रिक्षात बसून माझ्या जन्मगावी निघालो.

सरूबाई तिथंच होत्या. केस पांढरे झालेले, आवाज तोच. समोर सीताफळांच्या तीन पाट्या. तनुजानं ओळख सांगितली आणि पहिलाच प्रश्न टाकला, की मावशी, तुमचा टार्गेट कस्टमर कोण?

"आं? कोन हरवलं म्हनतीस?"

शेजारचा पेरूवाला खुदकन हसला. तनुजानं प्रश्न मराठीत केला. सरूबाई म्हणाल्या, जो इथं उभा राहतो तो. मग सुदर्शनची आठवण निघाली. व्हय, एक पोरगं आलतं, लई गुमान बसायचं, रोज एक फळ फुकट खायचं. माझ्यात हे शेवटचं कुठंच लिहिलेलं नाही, बरं का.

जरा वेळानं सरूबाई उठल्या. म्हणाल्या, मी भाकर खाऊन येते, तू एवढं बघ. कुणी आलं तर थांबव.

आता तनुजाला वाटलं, आपण काहीतरी करून दाखवावं. माल कसा मांडावा यावर तिनं शंभरपैकी एक्क्याऐंशी गुण मिळवले होते. तिला दिसलं, की या पाट्यांत लहान-मोठी फळं सरमिसळ पडली आहेत. तिनं बाह्या सावरल्या. मोठी फळं पुढच्या पाटीत, मधली मधल्या पाटीत, बारकी मागं. देठ एका दिशेला. रांगा अशा, की स्कूटरच्या दुकानानं लाजावं. मी तिच्या पिशवीतून ओरडत होतो, पण वहीचा आवाज वाचणाऱ्यालाच ऐकू येतो. माझ्या एकतिसाव्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. ते पान तिनं नक्कल केलं होतं, वाचलं नव्हतं.

तेवढ्यात छावणीतले एक निवृत्त सुभेदार आले. परवा पाहुणे येणार आहेत, डझनभर द्या, म्हणाले. तनुजानं पुढच्या पाटीतली बारा टपोरी फळं दिली. ते खुशीत गेले.

सरूबाई परत आल्या, पाट्यांपुढं उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिन्ही पाट्यांवरून नजर फिरवली.

"हे कुनी केलं?"

"मी, मावशी. साइजप्रमाणं लावलं. एक सुभेदार आले, त्यांना परवासाठी डझनभर दिलीही."

"पोरी, ही पाटी आजची व्हती. ही उद्याची. अन् ती परवाची."

मग तनुजाला कळलं. सरूबाई गिऱ्हाइकाला किती पाहिजेत असं आधी विचारतच नाहीत. कवा खायाचं, असं विचारतात. आज खाणाऱ्याला आजच्या पाटीतलं, परवा खाणाऱ्याला परवाच्या. त्यासाठी त्या पहाटे दोन-अडीचशे फळं एकेक पाहून वेगळी करतात. तनुजानं तो सगळा पहाटेचा उद्योग पंधरा मिनिटांत उधळला होता, तोही फार नीटनेटकेपणानं.

सरूबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तनुजाच्या तोंडावर दिसत होतं. त्या खाली बसल्या आणि फळं पुन्हा निवडायला लागल्या. एक बुरखेवाल्या बाई आल्या, म्हणाल्या, "खाला, आज के वास्ते छे दे देव." सरूबाईंनी मान हलवली. "आज ठहर जाव बेटा. आज मेरेकू भी पता नै." बाई बिनफळांच्या परत गेल्या. त्यांच्यामागून आणखी दोघं.

घड्याळात सव्वादोन. तनुजा तेव्हाच निघाली असती तर वेळेवर पोहोचली असती. सांगायला गोष्टही तिच्याकडं होती, आणि मॅडमना ती आवडलीही असती. तिनं पिशवी उचलली. मग खाली ठेवली.

"मला शिकवा, मावशी. दोघी मिळून करू."

"तुझी परीक्षा हाय ना? जाय तू. माझं म्या बघते."

"हे मी केलंय."

सरूबाईंनी एक फळ तिच्यासमोर धरलं. दाबायचं नाय, नुस्तं बघ. डोळ्यांच्या मधली फट हिरवी असली तर परवाचं. पिवळसर झाली तर उद्याचं. पांढरट होऊन रुंदावली की आजचं. पहिली वीस फळं तनुजानं चुकवली. सरूबाई ती उचलून योग्य पाटीत ठेवत. पन्नासाव्याच्या पुढं चुका कमी झाल्या. लोक येत होते, थांबत होते. तीन वाजता तनुजानं सांडूमामांना फोन करून सगळं सांगितलं. मामांनी आत जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पण चार म्हणजे चार.

तिसरी पाटी लागली तेव्हा पाच वाजून गेले होते.

उठताना सरूबाई म्हणाल्या, "लोक माझ्याकडं फळासाठी येत नाय. म्या दिवस सांगते, तो खरा निघतो, म्हनून येत्यात. ते सुभेदार उद्या बोंबलत येतील. तू ये, अन् तूच ऐकून घे."

तनुजा नापास झाली. कागदावर तिच्या नावापुढं करुणा मॅडमची सही आणि रिकामी जागा. राहिलेल्यांची परीक्षा पंधरा दिवसांनी, तीही नवी वही आणली तर. नोकरीच्या तारखेला त्यानंतर फक्त चार दिवस उरत होते.

दुसऱ्या दिवशी ती शहागंजात हजर. सुभेदार आले, पिशवीत मऊ काळी पडलेली चार फळं घेऊन. तनुजानं चूक कबूल केली आणि अर्धा तास ऐकून घेतलं. त्या पंधरा दिवसांत ती रोज सकाळी पाट्यांपाशी बसली आणि रात्री लिहीत बसली. मी तिच्या टेबलावर होतो. तिनं मला पहिल्यांदाच सगळं वाचलं. माझ्यातल्या दोन चुकाही काढल्या. सुदर्शननं तीन पाट्या पाहिल्या, पण पावसाच्या दिवशी सरूबाई परवाची पाटी आणतच नाहीत, हे त्याला कळलं नव्हतं. मला जरा लागलं, पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

दुसऱ्या परीक्षेला पुन्हा करुणा मॅडमच आल्या. नवी वही चौपन्न पानांची. त्यांनी सावकाश वाचली, मग विचारलं, की थंडीत फळ उशिरा पिकतं. तेव्हा सरूबाई चौथी पाटी करतात का?

पंधरा दिवसांत थंडी पडलीच नव्हती. पंधरा दिवसांपूर्वीची तनुजा असती तर बहात्तर टक्के उत्तरदात्यांच्या मते, असं म्हणून मोकळी झाली असती. चार दिवसांवर नोकरी.

"माहीत नाही, मॅडम."

तनुजानं खुर्ची मागं सरकवली.

"मावशी आत्ता बसल्या असतील. विचारून येते," म्हणून ती खरंच उठली.

"बसा," करुणा मॅडम म्हणाल्या आणि कागद ओढून त्यांनी एक्कावन्न लिहिले.

माझ्या घराण्यातला हा सगळ्यात कमी आकडा, पण पास. तनुजा तो कागद घेऊन जिना उतरली आणि थेट वाळूजच्या बसला गेली.

तर मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही कधी अशा कपाटापुढं उभे राहिलात, तर मला जरूर बाहेर काढा. हात कोरडे ठेवा, पानं दुमडू नका, वाचून झालं की जागेवर ठेवा. आणि मग उठून बाहेर जा. माझ्यातल्या सरूबाई नऊ वर्षांपूर्वीच्या आहेत. आजच्या काय म्हणतात, ते मलाही ऐकायचं आहे.