शेजारणीने दिलेली गोळी

झोपेची पहिली गोळी देओलिंदाने घेतली ती नवऱ्याच्या शवपेटीशेजारी बसून. गावात रीतच तशी. माणूस गेलं की शेजारणी काळ्या शाली पांघरून येतात आणि त्यांतली एखादी पर्समधून गोळी काढून विधवेच्या हातावर ठेवते, तिला सोसवणार नाही म्हणून. त्या एका दिवसाची गोळी एकवीस वर्षं चालली. दवाखान्यातून चिठ्ठी मिळायची, औषधवाला न विचारता डबी पुढे सरकवायचा. चूक सगळ्यांचीच, म्हणजे कुणाचीच नाही.

मग ती कोबीच्या वाफ्यात पडली. गुडघा तपासताना नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, गोळी कधीपासून?"

"अल्बानो गेला त्या दिवसापासून."

"त्यांना कपडे कोणते घातले होते तेव्हा?"

देओलिंदाला आठवेना. कोण आलं, पाद्री काय बोलले, काहीच आठवेना. आपल्याच माणसाला आपण झोपेत निरोप दिला, या विचाराने तिला घरी जाईपर्यंत लाज वाटत राहिली.

तोल जाणं आणि विसरणं, दोन्ही गोळीमुळेच, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी ती हळूहळू कमी केली. आधी अर्धी, मग पाव, मग नुसता कण. दहा महिने लागले. देओलिंदाला नीट दिसत नसे, म्हणून थोरली बहीण एर्मेलिंदा दर रविवारी येऊन भाजीच्या सुरीने आठवड्याचे तुकडे करून ठेवायची. रोज सकाळी तिचा फोन यायचा.

"झोपलीस का गं?"

"कुठली. तू?"

"तुझ्या काळजीने मीही जागी. चांगलं खूळ घेतलंयस डोक्यात."

हात थरथरायचे, सूप सांडायचं, जीव नुसता मेटाकुटीला यायचा. पण नातवंडांची नावं पुन्हा जिभेवर येऊ लागली. पायऱ्या भिंत न धरता उतरता येऊ लागल्या.

शेवटचा कण घेऊन तीन आठवडे झाले आणि एक दिवस सकाळचा फोन आला नाही. एर्मेलिंदा रात्रीतून गेली होती.

दुपारी चर्चमागच्या खोलीत देओलिंदा बहिणीच्या पायाशी बसली. इतकी थकली होती की रडायलाही अंगात त्राण नव्हतं. शेजारीण ग्रासिएत जवळ येऊन टेकली. पहिली गोळी हिनेच दिली होती. तिने पर्स उघडली.

"घे गं. एकीने काय होतंय? सोसायचं नाही तुला."

गोळी तळहातावर आली. देओलिंदाला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

"ग्रासिएत, अल्बानोला कोणते कपडे घातले होते?"

"हे काय आता? निळा सूट की. तुमच्या पोरीच्या लग्नातला. टाय तर गोळी घेतल्यावर तूच बांधलास, पेटीवर वाकून. दोनदा सोडलास, मनासारखा बसेना म्हणून."

"मी?"

"तूच. आणि मग कशी शहाण्यासारखी गप्प बसलीस."

देओलिंदाने मूठ मिटली. पोटातून हुंदका आला आणि मग ती अशी रडली की बाहेर सिगारेट ओढणारे पुरुष दाराशी येऊन उभे राहिले. ग्रासिएत घाबरून तिची पाठ चोळू लागली.

"बाई गं, पुरे. ऐंशी वर्षांची होती एर्मेलिंदा. सुखाने गेली."

"तिच्यासाठी रडायचंय अजून," देओलिंदा म्हणाली. "आधी अल्बानोचं होऊ दे."

मुठीतल्या घामाने गोळीचा लगदा झाला होता. तिने तो काळ्या झग्याला पुसला.