पावडरीची खोली

रोज उजाडलं की केशरबाई आधी तांदळाची खोली झाडायची आणि मग उंबऱ्यावर बसून अर्धा तास खोकायची.

पौडच्या अलीकडच्या एका वाडीतलं हे तिच्या सासऱ्याचं, कुशाबाचं घर. भात भरपूर पिके. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत पोती रचलेली, आणि उंदीर येतात म्हणून तिथली एकुलती एक खिडकी मातीनं लिंपून टाकलेली. कीड लागू नये म्हणून कुशाबा पोत्यांवर, भिंतींच्या कडेनं पांढरी पावडर मारायचा. ढेकूण होतात म्हणून गोधड्यांच्या घड्यांतही तीच टाकायचा. झाडू फिरला की खोलीत धुकं दाटल्यासारखं व्हायचं.

नऊ वर्षांपूर्वी केशरबाईचा नवरा जांभळीवरून पडून गेला. ती तेव्हा बावीस वर्षांची. तेरावा उरकला त्याच दिवशी सासूनं, गोजराबाईनं, तिचं अंथरूण या खोलीत टाकलं. कामाला निघालेल्या पुरुषांच्या नजरेला सकाळी सकाळी विधवेचं तोंड पडू नये, एवढंच कारण.

वर्षभरात तिला धाप लागायला लागली. छाती वाजायची, डोळे लाल व्हायचे, अंगावर गांधी उठायच्या. नवऱ्याला खाल्लं ते आता बाहेर पडतंय, असं गोजराबाई चार बायकांत सांगायची, आणि बायका मान हलवायच्या.

एकोणऐंशी सालच्या शिमग्यात तिचा भाऊ भिकाजी तिला माहेरी, माणला घेऊन गेला. तिथं ती ओटीवर निजायची. आठ दिवसांत खोकला थांबला. परत येताना भिकाजीनं तिला पौडच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी ती कुठं निजते ते विचारलं आणि कुशाबाला बोलावून घेतलं. घरातल्या धुळीत ती पावडर मिसळलीय, झाडताना, पोती हलवताना ती हिच्या छातीत जाते, त्या खोलीत हिला पुन्हा ठेवू नका, असं त्यांनी बजावून सांगितलं.

कुशाबानं घरी येऊन ते सांगितलं. गोजराबाई तांदूळ निवडत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

“तांदूळ खायाला व्हतो,” ती म्हणाली. “ही कशाला व्हते?”

भिकाजीनं हे ऐकलं. पण त्याच्या बायकोला विधवा नणंद घरात नको होती. चहा पिऊन तो माणला निघून गेला. केशरबाईचं अंथरूण त्याच खोलीत राहिलं.

वैशाखात धाकट्या मुलाचं, साहेबरावाचं लग्न निघालं. मुलगी महाळुंग्याची, चंद्रकला. पाहुणे येणार म्हणून दोन दिवस आधी घरभर नव्यानं पावडर मारली. लग्न लागलं आणि दुपारी वरात वाडीत शिरली, तेव्हा गोजराबाईनं केशरबाईला खोलीत जायला सांगितलं. केशरबाईनं हात जोडले. पावडर ताजी आहे, मी गोठ्यात बसते, म्हणाली. पण गोठा दारासमोरच होता. पहिलं पाऊल टाकताना नवरीला ती दिसली असती.

“घडीभर बस. मरत न्हाईस,” गोजराबाई म्हणाली आणि तिनं बाहेरून कडी घातली.

ताशा वाजत होता. शेजारच्या सारजाबाईला आतून दारावर थापा ऐकू आल्या. तिनं गोजराबाईकडं पाहिलं. उंदीर आहेत, असं गोजराबाईनं सांगितलं. सारजाबाई बुंदी वाढायला गेली.

देवापुढं बसलेल्या चंद्रकलेच्या पाठीशीच ते दार होतं. तिनंही विचारलं, तिलाही उंदीरच सांगितले. मग थापा थांबल्या. सगळ्यांना बरं वाटलं. चंद्रकलेला वाटलं नाही. ती उठली आणि भरल्या घरात तिनं कडी काढली.

केशरबाई दाराशीच पालथी पडली होती. दाराखालच्या फटीला तिनं तोंड लावलं होतं. पापण्या, ओठ, केस, सगळं पांढरं झालं होतं. चंद्रकलेनं आपल्या थोरल्या जावेला पाहिलं ते असं.

पोलीस पाटील आले. कुशाबानं जुना दमा सांगितला. ओटीवरच्या साऱ्यांनी माना डोलावल्या.

“दम्यानं न्हाई,” चंद्रकला म्हणाली. “कडी भाईरनं व्हती. म्या काढली.”

 साहेबराव खाली बघत म्हणाला, “तू आत जा.”

“कंच्या खोलीत?” तिनं विचारलं.

पाटलांनी कागदावर दमाच लिहिला. चंद्रकलेच्या बापानंही तिला एका बाजूला घेऊन गप्प राहायला सांगितलं. दुसऱ्या दोन मुली उजवायच्या होत्या. सकाळी ती अंगावरच्या हळदीच्या लुगड्यानिशी एकटी चालत पौडच्या चौकीवर गेली. जमादारानं हाकललं तरी ती पायरीवर बसून राहिली. शेवटी त्यानं वही उघडली आणि मयत बाई तिची कोण, किती दिवसांची ओळख, असं विचारलं.

“माझी जाऊ,” ती म्हणाली. “बोलणं कंदी झालंच न्हाई.”

नऊ वर्षं केशरबाईच्या हातची भाकरी खाल्लेली माणसं त्या वेळी वाडीत होती. मांडव उतरवत होती.