एवारिस्तोची नजर

एवारिस्तो कांतेल्मी हे नाव नेपल्सच्या आमच्या थिएटरात कुणी उच्चारत नसे. "तो आलाय," एवढंच म्हणायचे, आणि हात खिशातल्या किल्लीकडे जायचा. लोखंडाला शिवलं की बाधत नाही म्हणे. मी कपडेपटाची बाई. कमरेला कात्री असायची, त्यामुळे मला किल्ली शोधावी लागत नसे.

अब्रुझ्झीच्या डोंगरातल्या पाथरवटाचा हा मुलगा. आवाज बॅरिटोनचा, टेनरसारखा उंच चढणारा नव्हे, छातीतून येणारा, गडद. ऑपेरात प्रेम टेनर करतो, बॅरिटोनच्या वाट्याला संतापलेले बाप आणि कपटी सरदार. तिशीतच त्याला मिलानहून बोलावणी येत होती. मग बारी शहरात तो गात असताना वरचा दिवा निखळून एका कामगाराच्या पायावर पडला. पुढल्या वर्षी कातानियात तो रंगमंचावर शाप देत होता, आणि समोर वाद्यवृंदाचा संचालक छाती धरून कोसळला तो उठलाच नाही. तेव्हापासून 'याची दृष्ट लागते' हे गावोगाव झालं. कामं आटली.

त्या दिवशी आमचा बॅरिटोन आजारी पडला म्हणून नाइलाजानं त्याला बोलावलं होतं. टेनर ग्वाल्तिएरो मोठ्यानं म्हणाला, "मी मृत्युपत्र करूनच आलोय बुवा!" सगळे हसले, पण एवारिस्तोच्या जवळ कुणी उभं राहिलं नाही.

मी त्याच्या गळ्याशी कॉलर बांधत होते. माझा हात कात्रीकडे गेला. त्यानं आरशात पाहिलं.

"राहू द्या, दोन्ना एर्सिलिया. धरा हवी तर."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमची झेलिंदा बाळंत झाली म्हणे?"

"चार दिवस झाले. मुलगी."

"कुणासारखी दिसते?"

"मी पाहिली नाही अजून." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "लॉजवर राहतोय. मी पाहिलं आणि तिला काही झालं तर?"

तेव्हा मला खरी भीती वाटली. लोक बोलत होते ते एक. यानंही ते खरं मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला हाताला धरून घरी नेलं. झेलिंदा खिडकीतून ओरडली, "वर ये, भित्र्या! तुझी पोर आहे, शेजाऱ्याची नव्हे!" तो आला. तिनं बाळ त्याच्या हातात दिलं. त्यानं पाहिलं, रडला, हसला.

संध्याकाळी बाळाला ताप भरला. श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या. डॉक्टर सुई देत होते, आणि एवारिस्तो जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. झेलिंदा दारात आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी हसत होते ना तुला," ती म्हणाली. "आता नको बघूस तिच्याकडे. हात जोडते."

तो जिना उतरला.

पोर आठवड्याभरात बरी झाली. झेलिंदा त्याला शोधत बंदरावर गेली, तोवर त्याला घेऊन अर्जेंटिनाचं जहाज निघून गेलं होतं. त्या देशात त्याला कुणी ओळखत नव्हतं. तो गायला, नाव झालं, पैसे येत राहिले. पण "परत ये" असं तिनं कितीदा लिहिलं, तरी आला नाही.

शेवटी सात वर्षांच्या मुलीला घेऊन तीच निघाली. ब्युनोस आयर्सच्या धक्क्यावर तो घ्यायला आला होता, डोळ्यांवर दोन्ही हात ठेवून. मुलीनं आईला विचारलं, "हे लपाछपी खेळतायत का?" आणि पुढे होऊन तिनं एकेक करत त्याची बोटं सोडवली.

त्यानं पाहिलं. झेलिंदानं मला तसं कळवलं. पुढे तिनं लिहिलं होतं की महिना झाला, पोर ठणठणीत आहे, आणि हा अजून दर तासाला येऊन तिच्या कपाळाला हात लावून बघतो.