उजव्या पायाचा अंगठा

“जखम किती दिवसांची?” शिकाऊ नर्सने केसपेपरवर पेन टेकवून विचारलं.

“दोन दिवसांची,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि कात्र्यांचा ट्रे उगाच सरळ करू लागल्या.

पोरीने मान डोलावली आणि लिहून टाकलं. मोठ्या सिस्टरांच्या बोलण्यावर शंका घ्यायची या खोलीत कुणाची छाती नव्हती. साखरेच्या पेशंटच्या पायांना ड्रेसिंग करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. हात हलका, पण जीभ तिखट. बायको नवऱ्याचा काळा पडलेला पाय घेऊन आली की सिस्टर पायाआधी तिलाच धारेवर धरत. “घरात चार माणसं, आणि आठ डोळ्यांपैकी एकही उघडा नव्हता? दुखत नाही म्हणून गप्प बसलात? अहो, साखर नसाच खाते, मग दुखणार कुठून? रोज बघायचं. बोटांच्या बेचक्यात बोट घालून बघायचं!” बाया खाली मान घालून ऐकून घेत.

आज टेबलावर त्यांचे स्वतःचे वडील बसले होते.

म्हातारा पेशाने रंगारी. चाळीस वर्षं इमारतींच्या बाहेरून शिडीवर काढलेली. त्यामुळे पायांची बोटं पंख्यासारखी फाकलेली आणि अंगठे चांगले दणकट. “शिडीवर माणूस उभा नसतो, त्याची बोटं उभी असतात,” असं ते कुणालाही ऐकवत. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले. सिस्टरांनी त्यांना मागची उजेडाची खोली दिली, साखरेच्या गोळ्यांचा डबा लावून दिला. “गोळी घेतली का, बाबा?” हे दिवसातून तीनदा विचारायला त्या कधी चुकल्या नाहीत. पाय मात्र एकदाही पाहिले नाहीत. दिवसभर पायच बघायचे, घरी आल्यावर पुन्हा कोण बघतो!

आज सकाळी मोजा निघेना. कोमट पाण्यात भिजवून तो सोडवला, तेव्हा अंगठ्याच्या तळाशी नाण्याएवढं भोक दिसलं. दुसऱ्या कुणाच्या घरी असं दिसलं असतं, तर सिस्टरांनी घर डोक्यावर घेतलं असतं. इथे त्या मोरीतल्या ओल्या फरशीवर नुसत्या बसून राहिल्या.

डॉक्टर आले. वाकून बघितलं, एक्स-रे उजेडाला धरला. “हाड तर ठीक दिसतंय. दोनच दिवस झालेत म्हणता, तर धुऊन काढू, औषध चालू करू आणि आठवडाभर वाट बघू. वाचेल अंगठा.”

“वाचेल ना?” म्हातारा हसला. “नाहीतर करंगळी घ्या त्याच्याऐवजी. ती आयुष्यभर नुसती मिरवतच आली.”

भिंतीशी उभ्या असलेल्या शिकाऊ पोरी फिसकन हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. हाडातली कीड एक्स-रेत दिसायला पंधरा दिवस लागतात, हे त्याच पोरींना त्यांनीच शिकवलं होतं. जखम नवी असेल तर आठवडाभर थांबणं बरोबर. जुनी असेल तर त्या आठवड्यात विष पावलात चढणार.

जखम जुनी होती. मागच्या आठवड्यातल्या सोमवारी, म्हणजे बारा दिवसांपूर्वी, म्हातारा दारात येऊन म्हणाला होता, “अगं, मोजा सारखा ओला होतोय.” सिस्टर केस बांधत होत्या, बस निघायची वेळ झाली होती. “घाम असेल, बाबा. पावडर टाका.” मग घरात वास यायला लागला. तो वास त्या झोपेतही ओळखू शकल्या असत्या, आणि ओळखलाही. पण तो वॉर्डातून आपल्याच कपड्यांना चिकटून आला असेल, असं त्या धरून चालल्या. दोनदा गणवेश उकळत्या पाण्यातून काढला.

डॉक्टर हात धुवायला वळले.

“डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या. “दोन दिवसांची नाही. बारा दिवस झाले. कदाचित जास्तच.”

डॉक्टरांनी नळ बंद केला. शिकाऊ पोर पेनाकडे बघत होती.

“मीच लपवलं हो हिच्यापासून,” म्हातारा घाईघाईने म्हणाला. “उगाच कटकट करते म्हणून. हिला काय ठाऊक असणार!”

“लपवलं नाही,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते. “त्यांनी मला सांगितलं होतं. मी बघितलं नाही. लिही गं, बारा दिवस. आणि वास येत होता, तेही लिही.”

पोरीने आधीचा आकडा खोडला. खोडताना तिने मान इतकी खाली घातली की जणू तिचंच काही चुकलं होतं. डॉक्टरांनी नुसतं दुपारचं ऑपरेशन ठरवलं. ते चार शब्द बोलले असते, तर सिस्टरांना बरं वाटलं असतं.

दुपारी जखम उघडून पाहिली. अंगठ्याची दोन्ही हाडं मऊ पडली होती. अंगठा काढावा लागला. पाऊल वाचलं.

तिसऱ्या दिवशी म्हातारा खाटेवर उठून बसला. “तू बोलली नसतीस तर?”

“पाऊल गेलं असतं.”

“मग असं तोंड पाडून का बसलीस?”

“तुम्ही मला सोमवारी सांगितलं होतं, बाबा.”

“काय सांगितलं होतं? मला तर काही आठवत नाही बुवा.” त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कुठल्या इमारतीला किती डबे रंग लागला, हे चाळीस वर्षांनंतरही बिनचूक सांगणारा माणूस तो.

पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायचा सराव सुरू झाला. पाऊल उचलताना शेवटचा रेटा अंगठा देतो. तो रेटाच गेल्यामुळे उजवं पाऊल पुढे जाण्याऐवजी नुसतं वर उचललं जाई. चार पावलांत म्हातारा भिंतीकडे कलला आणि खुर्चीवर टेकला. बाकड्यांवरचे पेशंट बघत होते. त्यातल्या कित्येकांनी सिस्टरांची बोलणी खाल्लेली होती.

नवा बूट सैल झाला होता. सिस्टर सगळ्यांसमोर जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. त्यांनी हात पुढे करताच म्हाताऱ्याने पाय चटकन खुर्चीखाली ओढून घेतला.

“राहू दे,” ते पुटपुटले. “बघण्यासारखा राहिला नाही तो.”

सिस्टरांनी पाय ओढला नाही. तळहात वर करून तशाच बसून राहिल्या. गुडघ्याला फरशी गार लागत होती. पलीकडे कुणीतरी कुणाचा तरी नंबर पुकारला.

बऱ्याच वेळाने खुर्चीखालून ते पाऊल हळूहळू बाहेर आलं आणि त्यांच्या तळहातावर टेकलं.