घास उतरेपर्यंत

डॉक्टरांनी मन शांत करायच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि त्यातली पहिलीच गोळी त्रिपुरसुंदरीच्या छातीत अडकून बसली.

ती पाणी प्यायली, उभी राहिली, मान वर केली, खाली केली. गोळी जागची हलेना. शेवटी पिकलं केळं कुस्करून खाल्लं तेव्हा कुठे ती उतरली. मग त्रिपुरसुंदरीनं गोळ्यांचं पाकीट उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"हे काय केलंस?" तिचा नवरा राजगोपाल बघतच राहिला.

"माझं मन शांत आहे," ती म्हणाली. "अडतंय ते इथे." तिनं छातीच्या हाडावर बोट ठेवलं.

त्रिपुरसुंदरी चेन्नईत मांबळमच्या एका शाळेत गणित शिकवायची. वय सेहेचाळीस, माहेर-सासर दोन्ही तंजावरकडची मराठी घरं. घरात मराठी, शाळेत तमिळ, आणि राग आला की दोन्ही एकदम. जेवायला ती लहानपणापासूनच वेळ लावायची, पण चाळिशी उलटली तसं ते फारच वाढलं. भात, चपाती, वडा, कोरडं काहीही घेतलं की घास छातीत थबकायचा आणि मागून भाला टोचावा तसं दुखायचं. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा वाजायची तेव्हा तिचा डबा अर्धाच झालेला असायचा. ती झाकण लावून वर्गावर जायची. ब्लाउज सैल होत चालले, गाल आत गेले.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. आत काही सापडलं नाही. मग ते तिच्याकडे न बघता राजगोपालला म्हणाले, "या वयात बायकांना असं होतं. घरात काही टेन्शन आहे का?"

टेन्शन शोधून द्यायला नणंद श्रीदेवीअक्का तयारच होती. "मुलगी लग्नाची झालीय. तिचाच घोर लागलाय हिला, दुसरं काय!"

"मनाचंच असतं," त्या संध्याकाळी त्रिपुरसुंदरी नवऱ्याला म्हणाली, "तर पाणी कसं उतरतं? ताक कसं उतरतं? इडली मऊ आणि वडा कडक, हे माझ्या मनाला कोण जाऊन सांगतं?"

राजगोपालनं नुसती मान हलवली. तो वाईट माणूस नव्हता. डॉक्टर बोलले की मान हलवायची, बहीण बोलली की मान हलवायची, एवढीच त्याची रीत.

म्हणून ती एकटीच गेली. अड्यारला डॉ. उपेंद्र म्हणून पोटाचे डॉक्टर होते. खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, "मला मनाचं औषध नको. गिळताना फोटो काढतात ना, तो काढा. घास कुठे अडतो ते मला डोळ्यांनी बघायचंय."

उपेंद्रांनी पेन खाली ठेवलं आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. मग तिला बेरियम प्यायला पाठवलं. यंत्रापुढे उभी करून एक पांढरं दाट औषध घोट घोट प्यायला लावलं.

"चव कशी आहे?" तिथल्या मुलीनं काळजीनं विचारलं.

"खडूसारखी. जन्मभर तेच खात आलेय."

फोटोत अन्ननलिकेवर एक तिरकी खाच दिसली, कुणी मागून बोट दाबून धरावं तशी. मग सीटी स्कॅन झाला, आणि पुढच्या भेटीत उपेंद्रांनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं.

"उजव्या हाताला रक्त नेणारी धमनी एरवी उजव्या अंगाला निघते. तुमची डावीकडून निघालीय. मग उजव्या हातापर्यंत पोचायला ती अन्ननलिकेच्या मागून आडवी गेलीय. आईच्या पोटात असतानाच हे झालं. तरुणपणी ती मऊ असते, चालून जातं. वय वाढलं की ताठ होते आणि घासाची वाट दाबते. ती नळीच्या बाहेर आहे, म्हणून दुर्बिणीतून सुटली."

त्रिपुरसुंदरीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. जेवते तोच हात! तिला असं हसू आलं की डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

"मुळीच नाही."

"हे तुमच्या चिठ्ठीवर लिहून द्या. मोठ्या अक्षरात."

ऑपरेशन करता येतं, उपेंद्र म्हणाले. ती धमनी तोडून दुसरीकडे जोडतात. मोठं काम आहे, धोकाही आहे. पण धमनीला फुगवटा नव्हता, आणि वजन उतरलं होतं ते अर्धपोटी उठण्यानं. मऊ खायचं, लहान घास घ्यायचा, नीट चावायचं. तेवढ्यावर पुष्कळांचं भागतं. वजन आणखी उतरलं किंवा अडकणं वाढलं तर लगेच यायचं.

"आणि जेवायला वेळ किती घ्यायचा?"

"लागेल तेवढा."

"मग आधी तेच औषध घेते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती घंटा झाल्यावरही डबा खात बसली. मुख्याध्यापिकांनी हटकलं तेव्हा तिनं स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून त्यांना धमनी दाखवली. आठवडा संपायच्या आत तिचा सुट्टीनंतरचा तास बदलून मिळाला.

घरी मात्र श्रीदेवीअक्कानं तिला बजावलं, "हे बाहेर बोलू नको गे. आपल्या कीर्तनाचं लग्न जुळत आलंय. आईच्या अंगात खोट आहे म्हटलं की लोक मुलीतही शोधतील."

त्रिपुरसुंदरीची मुलगी कीर्तना शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिथल्याच श्रीवत्सशी तिचं ठरत होतं, दोघांनी आधी एकमेकांना पसंत केलं होतं. मुलाकडचेही तंजावरी मराठीच. साखरपुडा मैलापूरच्या एका हॉलमध्ये झाला आणि नंतर केळीच्या पानांवर पंगत बसली.

त्रिपुरसुंदरी भात रसमात कालवून, बोटांनी मऊ करून एकेक घास घेत होती. तिचा रसमभात अर्धा व्हायच्या आत पंगतीचा शेवटचा ताकभातही संपला. श्रीवत्सचे आजोबा राणोजीराव सर्वांत वडील. त्यांनी जेवण संपल्याचं उत्तरापोशन घेतलं, तशी पानं दुमडली जाऊ लागली. राजगोपाल उठून उभा राहिला. पलीकडच्या पानावरून श्रीदेवीअक्का कुजबुजली, "सुंदरी, ऊठ! सगळे बघताहेत."

"माझं जेवण झालेलं नाही, अक्का."

"घरी जाऊन खा!"

त्रिपुरसुंदरीनं घास खाली उतरू दिला. मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आजोबा, शेवटच्या माणसाचं जेवण होईस्तोवर पंगत उठत नाही, अशी आपली रीत ना?"

राणोजीरावांनी भुवया वर केल्या. "आहे. मग?"

"शेवटची मी आहे. मला वेळ लागतो." आणि तिनं धमनीचं सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं, एकही पायरी न गाळता. श्रीदेवीअक्कानं कपाळाला हात लावला.

श्रीवत्सची आई म्हणाली, "मग ऑपरेशन का नाही करून घेत?"

"गरज पडली तर घेईन. लोकांना थांबायचा कंटाळा येतो म्हणून नाही घेणार."

"आणि हे... मुलीला पण असतं का?"

"बहुतेक वेळा घराण्यात उतरत नाही, डॉक्टर म्हणतात. पण असलं तरी माझी मुलगी भरल्या पानावरून उठणार नाही."

"नाही उठणार," पलीकडून कीर्तना म्हणाली. "आणि कुणाला फेरविचार करायचा असेल तर आत्ताच करा. मीपण करते." श्रीवत्स गोंधळून आईकडे बघत होता, तो चटकन म्हणाला, "मला नाही करायचा!"

कुणीतरी हसलं. राणोजीराव मात्र हसले नाहीत. "पाय दुखायला लागलेत," ते कुरकुरले, पण जागचे हलले नाहीत, आणि ते हलले नाहीत म्हणून दुसरं कुणी उठेना.

राजगोपाल अजून उभाच होता. बहिणीनं त्याला डोळ्यांनी खुणावलं, बायकोला उठव म्हणून. त्यानं बहिणीकडे पाहिलं, आणि या खेपेस मान हलवली ती नकारार्थी. मग तो दुमडलेल्या पानापुढे पुन्हा मांडी घालून बसला आणि वाढप्याला हाक मारली, "इकडे ताक आणा. आमचं जेवण चाललंय."

लग्न पोंगलनंतर, तै महिन्यात झालं. श्रीवत्सची आई आजही त्रिपुरसुंदरीशी जेवढ्यास तेवढं बोलते आणि श्रीदेवीअक्कानं दोन सण अबोला धरला. त्रिपुरसुंदरीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिच्या गालांवर मांस चढू लागलं होतं.