मन्नाएखेळ्ळीची तोट

लोकाचं दुकान उधारीनं बुडतं, आमचं लोणच्यानं बुडायलं होतं. हसू नका, खरं सांगायलेय.

मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडंला, आमच्या म्होरल्या खोलीत 'जगदेवप्पा इंटरनॅशनल पार्सल'ची शाखा. शाखा म्हंजे येक काटा, येक बाकडं अन् येक फोन. हितून डबे गुलबर्ग्याला जायचे, तिथून रेल्वेनं मुंबईला अन् पुढं इमानानं दुबई-मस्कतला. माझा लेक व्यंकटबी मस्कतलाच कामाला. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीला, ह्याच फोनवर त्याचा आवाज यायचा. त्या आवाजासाठी मी शाखेचा केर काढायची, न्हाईतर त्या डब्यांशी मला काय देणंघेणं!

शाखा चालवायचे माझे नवरोबा श्रीपतराव, म्हंजे देवमाणूस. पार्सल तोलताना काट्याकडं न्हाई, माणसाच्या तोंडाकडं बघायचे. "लेकराला धाडायलीय बिचारी," म्हणून वजन निम्मंच लिहायचे. त्यात आवंदा शोभाबाईची लोणच्याची बरणी वाटंत फुटली, ती बी नेमकी रुद्रम्मानं लेकीला धाडलेल्या जरीच्या लुगड्यावर. भरपाई देता देता शाखेच्या नाकी नऊ आले.

मार्च सरला की कंपनीचे मालक जगदेवप्पाअण्णा गुलबर्ग्याहून फोन करून वर्षाचा हिशेब इचारायचे. जी शाखा तोट्यात ती बंद, अन् तिचा फोन दुसऱ्या गावाला. खटकचिंचोळीवाले तर टपूनच बसले होते. मी ह्यांना म्हणलं, "जरा गोड बोला. खरं बोलायची येवढी घाई कामून?" ऐकतेत व्हय!

अण्णा दावणगेऱ्याकडले, मराठी त्यांना ठाऊक न्हाई. ह्यांचं कानडी म्हंजे निम्मी जवारी, निम्मे खडे. अडलं की मराठी शब्द खुपसायचा. फोन आला तसं हे रडवेल्या आवाजात वरडले, "अण्णा, ई वर्ष तोटा आग्याद! भाळ दोड्ड तोटा!" अन् लाईन तुटली.

मी कपाळाला हात लावला. माझं माहेर आळंदचं, कानडी मला चांगलं कळतं. "आवो, तोट्याला कानडीत लुक्सान म्हणतेत. तोट म्हंजे बाग! आवंदा लई मोठी बाग झालीय, आसं सांगितलंत तुम्ही!"

"आगं बाई! मग परत फोन लावतो."

"गप बसा. देवानं बाग दिलीय तर राहू द्या की."

पण बागेनंच घात केला. शुक्रवारी सकाळी अण्णाची जीप दारात हुभी. कंपनीच्या पैशानं नोकरानं बाग घेतली म्हणल्यावर कोण गप बसंल? "तोट एल्लि?" अण्णा गरजले. बाग कुठाय?

मी सांगितलेलं समदं इसरून ह्यांना वाटलं, तोटा कशानं झाला ते इचारायलेत. "उप्पिनकाई, अण्णा! उप्पिनकाई!" म्हणत हे घरातली लोणच्याची बरणी दावायले.

अण्णाचे डोळे कपाळात. "माविन तोट?" म्हंजे आंब्याची बाग! लोणच्याचे आंबे तिथलेच, आसं त्यांना वाटलं. हे बी जोरात मान हलवायले. देवा, आता ह्या माणसाला काय म्हणावं!

तेवढ्यात फोन वाजला. अण्णाच्या आंगावरनं धावत जाऊन मी उचलला. "व्यंकट! जेवलास का रे? खोकला गेला का?" अण्णा बघायलेत, ध्यानच न्हाई. फोन ठिवला तवा माझा पदर भिजला होता. बाकड्यावर शोभाबाई अन् रुद्रम्मा आपापल्या लेकराच्या फोनाची वाट बघत बसल्या होत्या.

मी अण्णाला कानडीत समदं सांगून टाकलं. "बाग न्हाई, अण्णा. लुक्सान झालंय. शाखेचं काय करायचं ते करा, पण फोन नेऊ नका. माझं लेकरू ह्या फोनात हाय."

अण्णा येकदा बाकड्याकडं बघितले, येकदा बरणीकडं. मग आसे हसायले की पोट धरून खालीच बसले. जाताना माझ्याकडं बोट करून कानडीत म्हणाले, "आजपासून काटा अक्का बघंल. श्रीपतराव, तुम्ही नुसतं तोंडाकडं बघा."

मी कुणाची गय केली न्हाई. पुढल्या मार्चला शाखा फायद्यात आली. हे हरखून फोनात वरडले, "अण्णा, तोटा इल्ल!"

पलीकडनं आवाज आला, "अय्यो! बाग न्हाई? कुणाच्या म्हशीनं खाल्ली?" अन् दोघांचं खिदळणं सुरू झालं, ते थांबायचं नावच घेईना.

मी फोन हिसकावला. "अण्णा, मागून हसा. ठिवा आता. शुक्रवार हाय, माझं लेकरू वाट बघायलंय."