उस्तादांचा पुढचा दात

महरुखने बोटाने हलकेच दाबलं तसा वरचा पुढचा दात हलला.

"उस्ताद, हा कधीपासून हलतोय?"

"हलतोय? छे! दगडासारखा आहे," यदुल्ला म्हणाले. इस्फहानात नय वाजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेत. तिथे नय, म्हणजे ती बोरूची बासरी, वरच्या पुढच्या दातांत धरून फुंकतात. दात गेला की सूर गेला. आज त्यांचं पित्ताशय काढायचं होतं.

"पावसुद्धा दाढेनं तोडतात, डॉक्टर खानम," त्यांची बायको तूरान बोलून गेली.

"घरी माझे दात मोजत बसतेस का गं?" ते खेकसले. दंतवैद्य दात उपटूनच टाकील, या धास्तीनं ते कुणाला दाखवत नव्हते.

भूल देणं हे महरुखचं काम. घशात नळी घालताना असे दात निखळतात, हे तिला पक्कं ठाऊक. ती सर्जन कैवानींकडे गेली. "आधी तो दात शेजारच्या दातांना बांधून घेऊ. पित्ताचे खडे चार दिवस थांबतील."

"एका म्हाताऱ्या दातासाठी सगळी ऑपरेशनं अडवू? जपून घाल नळी, झालं!"

तिने जपूनच घातली. दाताला दोरा बांधला, वर कवच बसवलं, कॅमेऱ्यात बघत नळी सरकवली. दात जागच्या जागी राहिला. पण ऑपरेशन संपतंय तोच शेजारच्या खोलीतून कैवानी ओरडले, "पुढचा पेशंट टेबलावर आहे, आटप!" नळी चावली जाऊ नये म्हणून दाढांमध्ये ठेवलेली कापडाची गुंडाळी तिने घाईघाईत काढली. नळी अजून तोंडातच होती. उस्ताद अर्धवट शुद्धीवर आले आणि त्यांनी ती कडकडून चावली. दात दोऱ्याला लोंबत राहिला.

"माणूस जिवंत आहे ना? मग?" कैवानी म्हणाले.

महरुख स्वतः सांगायला गेली. "मी घाई केली, उस्ताद. चूक माझी."

उस्तादांनी जिभेनं खिंडार चाचपलं. मग ते तूरानकडे वळून म्हणाले, "तुझंच तोंड वाईट. समाधान झालं?"

महिन्यानं तूरान एकटीच उस्तादांच्या टाक्यांबद्दल विचारायला आली. "खोटा दात बसवलाय. नयमधून नुसती हवा येते. माझ्याशी तर बोलतच नाहीत."

त्याच आठवड्यात ऑपरेशनला आलेल्या एका बाईंचा दात हलताना दिसला. दात बांधून घेतल्याशिवाय भूल द्यायला महरुखने साफ नकार दिला. कैवानींनी वाद घातला नाही. त्यांनी दुसऱ्या भूलतज्ज्ञाला बोलावलं आणि महरुखला पुन्हा कधी बोलावलंच नाही.